विषय : पाटाकडील कलमास मोहोर न येणे

डिसेंबरातली रात्र, पावणेअकरा होऊन गेलेले. ताट ओट्यावर झाकून ठेवलेलं, वाटीतली सोलकढी बसून तिचं पाणी वेगळं झालेलं. मी बाल्कनीत उभी राहून बँकेच्या शाखांना एकामागून एक उत्तरं देत होते. खरं तर एकच उत्तर. आठ वाजल्यापासून तेच वाक्य पाठवत होते : 'कारण कळवावे. उद्या ११ पर्यंत.' ते पूर्ण टाइपही करावं लागत नव्हतं. 'का' दाबलं की पुढचे शब्द फोन आपणहून पुढे करायचा, इतकी त्याला माझी ओळख झालेली. तेवढ्यात अण्णांचा मेसेज आला. आंब्याच्या झाडाचा एक अंधूक फोटो आणि खाली, 'पाटाकडच्या कलमाला यंदा मोहोर नाही. नुसती पालवी.' माझा अंगठा चालूच होता. अण्णांनाही कारण कळवायला सांगून मी पुढच्या शाखेकडे वळले. आपण काय केलं हे मला कळलंसुद्धा नाही.

कळलं दुसऱ्या दिवशी, अकराला दोन मिनिटं कमी असताना. रिजनल ऑफिसात मीटिंग चालू होती, भिंतीवर स्लाइड होती, आणि मांडीवरचा फोन थरथरला.

'प्रति, मा. मुख्य व्यवस्थापक. विषय : पाटाकडील कलमास मोहोर न येणे. संदर्भ : आपला काल रात्री १०.५२ चा संदेश. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर कलम दमले आहे. यंदा उत्पन्न अपेक्षित धरू नये. आपला विश्वासू, अण्णा.'

अण्णा हायस्कुलात शिक्षक होते, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक. शिक्षण खात्याशी पत्रव्यवहार करून करून त्यांचा हात त्या भाषेत असा बसलाय की किराण्याची यादीसुद्धा ते अनुक्रमांक घालून करतात. मला हसू फुटलं. शेजारच्याने वळून पाहिलं म्हणून ओठ दाबले. मग 'सदर कलम दमले आहे' हे पुन्हा वाचलं, आणि हसू कुठे गेलं कळेना. माझी चूक झाली होती हे एक. पण त्यांनी चेष्टेतसुद्धा वेळ पाळली होती, अकराच्या आत पाठवलं होतं, हे जास्त लागलं. ज्या माणसाने मला बाराखडी शिकवली त्याला मी मुदत घातली होती.

आमच्याकडे आकडा, म्हणजे पुरं करायचं उद्दिष्ट, वरून येतो. तो नेमका कुठे जन्माला येतो हे इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही. माझ्यापर्यंत पोचतो तेव्हा झोनने तो रिजनच्या पदरात घातलेला असतो आणि मी तो शाखांना वाटते. वाटते म्हणजे भागाकार करते आणि वर थोडा चढवते, कारण खाली सांगितलेला आकडा खालून पुरा येत नाही हे मला ठाऊक असतं. मला सांगणाऱ्यालाही ते ठाऊक होतं, म्हणून त्यानेही आधीच चढवलेला असतो. असा तो जिन्यावरून उतरता उतरता फुगत जातो. संध्याकाळी साडेसहाला झोनची व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, तिथे मी 'येस सर' म्हणते. आठला माझी व्हीसी, तिथे सगळ्या चौकटींतून मला 'येस मॅडम' येतं. या दोन व्हीसींच्या मधल्या दीड तासात माझा आवाज कसा बदलतो, ते माझ्या मुलाने एकदा आजीसमोर नक्कल करून दाखवलं होतं. सगळे पोट धरून हसले. मीही. जात्यातले रडतात नि सुपातले हसतात म्हणतात. मधल्या माणसाची पंचाईत अशी की तो जात्यातही असतो, सुपातही असतो, आणि खुंट्यावरचा हातही त्याचाच असतो.

बंदराकडच्या एका शाखेत एक मॅनेजर आहे. मूळचा मराठवाड्यातला, पोस्टिंग झाल्यावरच त्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला. पहिली दोन वर्षं तो माझ्याशी भांडायचा. 'मॅडम, एक जूनपासून बोटी वर आहेत. एकतीस जुलैपर्यंत एकसष्ट दिवस मासेमारी बंद. खलाशी नेपाळला गेलेत. जेट्टीवर ताडपत्र्या आणि कुत्री सोडून कुणी नाही. सेव्हिंगला पैसा आणू कुठून? नारळी पौर्णिमेनंतर बोला.' मला त्याचा राग यायचा, कारण त्याचं बरोबर असायचं. माशांची वीण व्हावी म्हणून सरकारने समुद्राला दोन महिने सुट्टी दिलीय, पण आमच्या तक्त्यात वर्षाला बाराने भागायचं एवढंच माहीत. (आमच्याही लेखी एकसष्टावा दिवस महत्त्वाचा असतो, पण निराळ्या अर्थाने. हप्ता थकला की एकसष्टाव्या दिवशी ते खातं एसएमए-टूच्या, म्हणजे बुडीत ठरण्याआधीच्या शेवटच्या, यादीत जाऊन बसतं आणि मॅनेजरची झोप जाते.) त्याच्या नावापुढे मी एकदा 'निगेटिव्ह ॲटिट्यूड' असं लिहूनही ठेवलं होतं.

त्या दिवाळीपासून तो भांडेनासा झाला. 'येस मॅडम. होऊन जाईल मॅडम.' आकडा वेळेवर, कारण वेळेवर, चेहरा चौकटीत बरोबर मध्यभागी. मला इतकं बरं वाटलं की मी इतरांसमोर त्याचं कौतुक केलं, बघा जरा, शिका. त्या महिन्यात विम्याचा आकडाही त्याने पुरा केला. त्यातल्या दोन पॉलिसी त्याच्या बायकोच्या आणि भावाच्या नावावर होत्या, हे मला फार पुढे कळलं.

अण्णांचं पत्र आलं त्या रात्री झोप लागेना म्हणून मी वाचत बसले. आपल्याला काहीतरी झालंय हे कळलं की हल्ली आपण डॉक्टरआधी फोनला विचारतो. बर्नआउट हा शब्द मी मीटिंगांमध्ये शंभरदा ऐकला होता, दरवेळी कुणा दुसऱ्याबद्दल. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली त्यावर लिहिलं. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात तो काम करायचा, आणि तिथे मनापासून राबणारी माणसंच हळूहळू विझत जाताना त्याने पाहिली होती. स्वतःलाही पाहिलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गवारीच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेचं वर्णन केलं, पण हा आजार नव्हे असं स्पष्ट म्हणून : ही कामाच्या ठिकाणची अवस्था आहे, तिथला ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्यामुळे आलेली. हे वाचून मला उगाच हायसं वाटलं. म्हणजे बिघाड एकट्या माझ्यात नव्हता. तीन खुणा दिल्या होत्या. शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. दमणं, विटणं आणि खचणं, असं मी मनात मराठी केलं. विटणं हा शब्द मला फार नेमका वाटतो. गोडाचंसुद्धा विटतं माणसाला, आणि विटलेल्या माणसाला भूक नसते असं नाही, त्याला त्या ताटाकडे बघवत नाही.

पुढे क्रिस्टिना मास्लाक या बाईंचं काम वाचलं. माणूस आणि काम यांचा सांधा कुठे कुठे निखळतो याच्या सहा जागा त्यांनी आणि मायकेल लाइटरने सांगितल्यात : कामाचा भार, कामावरचा ताबा, मोबदला आणि शाबासकी, सोबत, न्याय, आणि मूल्यं. माझी समजूत होती की भार हेच सगळं. पण मार्च अखेरीला मी याहून जास्त काम केलेलं आहे आणि एक एप्रिलला आंघोळ करून ताजी झालेली आहे. भाराने माणूस वाकतो, पण मोडतोच असं नाही. दुसऱ्या जागेवर मात्र मी अडकले. ताबा. ज्या आकड्यासाठी मला जाब विचारला जातो तो ठरवताना मला कुणी विचारलेलं नसतं, आणि तो आणायला मी स्वतः कुठल्या काउंटरवर बसलेली नसते. वरच्याला निदान हुकूम सोडल्याचं समाधान असतं. खालच्यासमोर निदान गिऱ्हाईक असतं, एखादी म्हातारी पासबुक भरून घेते आणि आशीर्वाद देऊन जाते. मधल्याच्या हाताला दिवसभर लागतं काय, तर एक्सेलचा तक्ता. घरी जाऊन आज काय केलं म्हणून सांगावं तर 'फॉलोअप'.

जानेवारीत मला रजा लागली. लागली असंच म्हणावं लागेल, कारण मी मागितली नव्हती. बँकेत नाजूक जागी असलेल्या माणसांना वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवायचं, तेही आधी न सांगता, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. हेतू विश्रांतीचा नाही. माणूस खुर्चीत नसताना त्याने काही लपवाछपवी केली असेल तर ती उघडी पडावी, हा हेतू. त्या दहा दिवसांत साधी ऑफिसची मेल सोडली तर कामाचं काहीही उघडत नाही. मला गंमत वाटते ती याची की चोर पकडण्यासाठी केलेला हा नियमच आमच्या आयुष्यातली एकमेव खरी सुट्टी आहे. हक्काच्या रजेत मी गणपतीच्या आरतीतसुद्धा एका हाताने मंजुऱ्या दिल्यात.

रत्नागिरीहून निघून भाट्याचा पूल ओलांडला, सुरूबन मागे पडलं, फणसोप, गोळप, आणि पावसच्या अलीकडे आमच्या वाडीचा फाटा. सगळ्या बागा मोहरलेल्या. तो वास गोड म्हणावा तर गोड नाही, थोडा तुरट, थोडा डोकं चढवणारा. त्यात कुठेतरी फवारणीचा पंप धडधडत होता. पहिले दोन दिवस तो पंप सुरू झाला की माझा हात खिशाकडे जायचा, फोन वाजतोय असं वाटून. मी झोपले. दुपारी झोपले, सकाळी उशिरा उठले, पुन्हा झोपले, आणि तरी उठल्यावर अंग कुणी तुडवल्यासारखं. तिसऱ्या दिवशी मासेवाली दारात आली. आईने माजघरातून विचारलं, 'अगो, सुरमई घेऊ की बांगडे?' आणि मला सांगता येईना. शप्पथ. मी उंबऱ्यात उभी, समोर टोपलीत निळसर पाठीचे बांगडे चकाकतायत, आणि दोनातलं एक निवडणं मला इतकं अवघड झालं की डोळ्यांत पाणी आलं. मासेवालीने आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. काही न बोलता तिने बांगडे घेतले.

त्याच दुपारी आमच्याकडे भात लागला. आई मागल्या दारी कुणाशी बोलत होती आणि मी चुलीशी बसून होते, पण कुठेतरी बघत. वास आधी आईला आला, तोही अंगणातून. मी झटकन उठून कालथा घालून ढवळायला गेले तर ती ओरडली, 'ढवळू नको! खालचा वास वर येईल सगळा.' तिने टोप उतरवून पाण्याच्या परातीत ठेवला, आणि जरा वेळाने वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढला. खालचा खरवडायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. टोपात पाणी घालून ठेवलं, उद्या आपोआप सुटेल म्हणाली. वरून बघितलं असतं तर तो भात अगदी मोकळा, पांढराशुभ्र होता.

मला बंदराकडचा मॅनेजर आठवला. त्याचं भांडण बंद झालं तोच वास होता. आणि मी काय केलं, तर कालथा घातला, शिवाय सगळ्यांसमोर.

संध्याकाळी अण्णांबरोबर पाटाकडे गेले. आजोबांनी लावलेलं कलम, गडग्याला टेकून पसरलेलं. आजूबाजूची झाडं मोहोराने पिवळटलेली आणि हे एकटं तांबूस कोवळ्या पालवीने भरलेलं, एखाद्या लग्नघरात कुणी घरचे कपडे घालून बसावं तसं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा अण्णांनी बाग पाच वर्षं कराराने दिली होती. हापूस मुळात वर्षाआड धरणारं झाड. एक वर्ष भरभरून, एक वर्ष आराम. पण करार करणाऱ्याचे पैसे पाचही वर्षांचे गेलेले असतात, तो आराम कुठून देणार? मग कल्टार. पॅक्लोब्युट्राझॉल. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टात, झाडाच्या विस्ताराच्या निम्म्या अंतरावर गोल खड्डे घेऊन मुळांशी ओततात. ते झाडाची वाढ रोखतं. पालवीकडे जाणारं बळ अडलं की झाड मोहरतं. हे औषध वाईट नाही, असं अण्णा आवर्जून म्हणाले. दापोलीच्या विद्यापीठाचीच शिफारस आहे. विस्ताराच्या दर मीटरला तीन मिलिलिटर, झाड सशक्त हवं, आणि खत वाढवून द्यायला हवं. 'मापात दे, वर खायला घाल, तर झाड काही म्हणत नाही. पण ज्याला पाच वर्षांनी जायचंय तो सहाव्या वर्षासाठी शेणखत कशाला घालील?'

मी विचारलं, त्याला शिव्या नाही द्याव्याशा वाटत? अण्णा म्हणाले, त्याला तरी कशाला? त्याच्या डोक्यावर फवारणीचं कर्ज, राखणीच्या गुरख्यांचा पगार, पेट्या, गाडीभाडं, आणि वाशीला भाव काय निघेल तो दुसऱ्याच्या हातात. तोही मधलाच.

हे ऐकून मी गप्प झाले. आमचे रिजनल हेड दोन-तीन वर्षांसाठी येतात, आकडा दाखवून पुढे जातात. पण त्यांच्यावर बोट ठेवून मला सुटता येत नव्हतं. तीन वर्षांनी मीही जाणार आहे. बंदराकडच्या शाखेच्या मुळाशी खड्डे घेऊन ओतत कोण होतं? मीच तर, रोज रात्री आठ वाजता, मापाबिपाचा प्रश्न न येता. शाबासकीचं शेणखत मात्र एकदाच घातलं, तेही चुकीच्या वेळी.

परत आल्यावर मी फार काही केलं नाही, आणि केलं ते सांगताना थोडी लाज वाटते इतकं साधं आहे. आठची व्हीसी बंद केली. पाचपर्यंत आकडे तक्त्यात भरा, ज्याला अडचण आहे त्याने फोन करा. वर्षाचा आकडा माझ्या हातात नव्हता, पण महिन्यांची वाटणी होती, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. बंदराकडच्या शाखांचा जून-जुलैचा भार मी काढून ऑक्टोबरनंतर टाकायचं ठरवलं. आणि मराठवाड्यातल्या त्या मॅनेजरची सक्तीची रजा लावून घेतली. पत्र मिळाल्याबरोबर त्याचा फोन. 'मॅडम, माझ्यावर काही डाउट आहे का?' आवाज इतका बारीक की मला खुर्चीत बसवेना. नाही, म्हटलं, डाउट नाही, गावी जा, ज्वारीची भाकरी खा. 'पण आकडा?' तो माझ्याकडे, म्हटलं. हे म्हणायला मला दोन वर्षं लागली होती.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी आठची व्हीसी पुन्हा सुरू केली. करावी लागली म्हणणार होते, पण तसं नाही, वरून कुणी सांगितलं नव्हतं. भीती वाटली, एवढंच. पहिल्या रात्री सगळ्या चौकटींत तेच ओळखीचे 'येस मॅडम' चेहरे बघून मला अंगावर जुना स्वेटर चढवल्यासारखी ऊब वाटली. ते कबूल केलेलं बरं. एप्रिलात ती पुन्हा बंद झाली.

जूनच्या दहा तारखेला बंदराकडून फोन आला. आधी आलेल्या फोटोत ताडपत्रीखालच्या बोटी, भिजलेली जेट्टी, आणि मग फोनवर प्रत्यक्ष स्वारी. 'मॅडम, कमी केलेला आकडा पण जास्त आहे. तुम्ही एकदा इथे येऊन बघाच. कुत्री पण गेली आता.' पंधरा मिनिटं तो भांडला. मी दोन मुद्दे खोडले, एक मान्य केला, आणि फोन ठेवल्यावर चहा मागवला. झोनच्या तक्त्यात त्या शाखेपुढे कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'बोटी वर आहेत.' परत आलं, 'नॉट ॲक्सेप्टेबल. रिव्हाइज.' मग इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या, ज्यांचा अर्थ बोटी वर आहेत असाच होता. त्या चालल्या.

आणि आता ऑगस्ट. परवा अण्णांचा फोन आला. करारवाला पुन्हा येऊन गेला. तीन वर्षांसाठी बाग हवीय, पाटाकडच्या कलमासकट, आणि रक्कम चांगली आहे. मांगराचं छप्पर गळतंय, आईच्या मोतीबिंदूचं करायचंय. मी रात्री कागद घेऊन बसले. माझा हिशेब चोख असतो. कुठल्याही बाजूने मांडला तरी द्यावी असंच येत होतं. मी अण्णांना उलट विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, 'मला वाटून काय उपयोग, कर्ता माणूस तू. लेखी कळव. रविवारी ११ पर्यंत.' आणि हसले, खोकला येईपर्यंत.

आज शनिवार. बाहेर पावसाची रिपरिप आहे, मारुती मंदिराकडून रिक्षांचे आवाज येतायत. मी फोन हातात घेऊन बसले आहे. 'का' दाबलं की तो अजूनही तेच शब्द पुढे करतो, म्हणून 'वि'पासून सुरुवात केली. विषय : पाटाकडील कलम. इथपर्यंत लिहून झालंय.